नं. (४)

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे). वर्धा शहराला लागून दुसरी सिंदी आहे, सिंदी (मेघे), त्यामुळे नुसतं ‘सिंदी’ म्हणून भागत नाही. माझे एक साडू एकदा कंस न वाचता लग्नाला निघाले आणि मेघ्यांच्या सिंदीत जाऊन मांडव शोधत बसले. आमच्याकडे ते पोचले तेव्हा पंगत उठली होती आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात फक्त मिरचीचे देठ उरले होते. कंसातला मजकूर डावलू नये, हे आम्हा सिंदीकरांना असं अनुभवानं कळलेलं असतं. मला तर ते दुप्पट कळायला हवं होतं, कारण मी इथल्याच शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं.

आता माझ्या स्कूटरच्या दुरुस्तीच्या बिलाकडे येतो. क्लच वायरचं खोकं फाडून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं लिहिलेलं ते बिल असं होतं:

प्लग १२०
क्लच वायर १८०
कार्बेटर सफाई १५०
लायनर २६०
मजुरी ४००
नं. (४) ४८०
एकूण १५९०

पुठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात ग्रीसच्या बोटाचा ठसा होता. सरकारी कागदावर शिक्का असतो तसा.

गाडी म्हणजे बजाजची चेतक. १९७२ साली पहिली चेतक निघाली. ती मिळवायला लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ते आपल्याकडे दयेनं पाहतात. माझी चेतक बरीच नंतरची, पण एमएच ३२ पाटीची, म्हणजे अस्सल वर्ध्याची. जमनालाल बजाज वर्ध्याचे, म्हणून ही गाडी आपल्या घरचीच, असा आमच्या जिल्ह्यात एक समज आहे. घरचं माणूस जितकं ऐकतं तितकीच ती ऐकते. सकाळी तिला आधी एका अंगावर कलंडवायचं, मग सरळ करायचं, मग सात किका. आठव्या किकेला ती सुरू होते किंवा माझा गुडघा बोलतो. एरवीचा सगळा प्रवास घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, आणि आठवड्यातून दोनदा मिस्त्रीकडे.

मिस्त्री माझाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि फळ्यापेक्षा खिडकीतून दिसणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचा. सहामाहीत त्याला १०० पैकी ११ पडले होते, ते मला आजही आठवतं, कारण ११ सुद्धा मी देवाला स्मरून दिले होते. त्यामुळे बिल हातात पडताच मी सवयीनं बेरीज तपासली. बरोबर होती. पुन्हा वरून खाली केली, पुन्हा बरोबर. हातचा एकही चुकला नव्हता. मास्तराला याचं खरं तर कौतुक वाटायला हवं. मला वाटलं, आता भांडायचं तरी कशावरून?

भांडण ‘नं. (४)’ वरून होणार होतं. प्लग कळतो, वायर कळते. लायनर आत असतो, दिसत नाही, पण त्यावर आपली श्रद्धा असते. पण ४८० रुपयांचं हे ‘नं. (४)’ काय प्रकरण?

घरी पुठ्ठा टेबलावर ठेवून सगळ्यांनी डोकी लावली. सौ. म्हणाली, “नट असतील. चार नट.” १२० रुपयांना एक नट? त्या भावात सोनार बसवून देतो. सुनेनं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, “बाबा, नंबर प्लेट. ती नवीन एचएसआरपी.” हे पटण्यासारखं होतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आहे, आणि मुदत तर लग्नाच्या आहेरासारखी पुढे-पुढे सरकत होती. पण दुचाकीच्या पाटीचे ४५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१. ४८० कुठल्याच हिशेबानं येत नाहीत. शिवाय ती पाटी ऑनलाइन नोंदवून ठरलेल्या केंद्रावरच बसते, मिस्त्री पान्यानं बसवत नाही. तरी खाली जाऊन पाहिलं. पाटी जुनीच होती, मीच रंगवलेली, ३ चा आकडा जरा पोट सुटलेला.

चौथीतला नातू तेवढा काही बोलला नाही. “आबाजी, मी अभ्यास करतो,” म्हणाला आणि आत गेला. पोळा तीन दिवसांवर आलेला असताना आमचा नातू आपणहून अभ्यासाला बसतो, याचा मला तिथल्या तिथे संशय यायला हवा होता. पण मी चार नटांत अडकलो होतो.

बिलाशी भांडायची मला भीती वाटते असं नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलाची कार नागपूरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून आणायला गेलो होतो. एसी, सोफा, फुकट कॉफी आणि तीन पानांचं छापील बिल. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाखाली ३५० रुपये, वर केंद्राचे ९ टक्के, राज्याचे ९ टक्के. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, “सर, ते सिस्टीममधून येतं.” ग्रीस, क्लीनर आणि पुसायच्या चिंध्या, असा अर्थ शेवटी मॅनेजरकडून निघाला. मी म्हणालो, चिंध्या घरून आणल्या असत्या, आमच्याकडे धोतरं आहेत. पाऊण तास झगडलो. शेवटी त्यांनी ‘गुडविल डिस्काउंट’ म्हणून १०० रुपये कमी केले आणि मी जग जिंकल्यासारखा बाहेर पडलो. अनोळखी माणसाशी भांडणं फार सोपं असतं हो. तो पुन्हा भेटणार नसतो.

मिस्त्री रोज भेटतो. पानठेल्यावर भेटतो, स्टेशनवर भेटतो, बैलांच्या तोरणाखाली भेटतो. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला बुटीबोरीच्या रस्त्यावर चेतक बसली तेव्हा छत्री घेऊन आलेला माणूस तोच, आणि त्या रात्रीचे त्यानं पैसेही घेतले नव्हते. अशा माणसाला ‘हे ४८० कशाचे?’ असं विचारायचं म्हणजे वरपित्यानं लाडू मोजण्यासारखं.

शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, “विचारायचं काय त्यात? कायदा आहे.” त्यांना कायद्यांची आवड आहे, विशेषतः स्वतःला लागू नसलेल्या. त्यांनी सगळं पाठ म्हटलं. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला, २०१९ चा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला. वर्ध्याला जिल्हा आयोग आहे. व्यवहार ५ लाखांच्या आतला असेल तर तक्रारीला फी शून्य. आधी १९१५ वर फोन लावून बघा. आणि बिल न देणं ही आता अनुचित व्यापारी प्रथा मानतात, ते वेगळंच कलम लावता येईल.

“पण बिल दिलंय ना त्यानं,” मी म्हणालो आणि पुठ्ठा दाखवला.

तलाठ्यांनी तो उलटा-सुलटा केला. एका बाजूला १५९०, दुसऱ्या बाजूला छापलेलं ‘क्लच केबल, उत्तम प्रतीची’. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “सर, हे आयोगासमोर ठेवाल?”

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच निघालो. पायीच. गॅरेज म्हणजे टिनाचं छत, खाली एक कॉम्प्रेसर, दोन टायर आणि ज्याच्यावर गिऱ्हाईक बसतं तो तेलाचा डबा. मिस्त्री उठून उभा राहिला, डबा फडक्यानं पुसला. त्या फडक्यानं डबा आणखी काळा झाला. मी बसलो.

विदर्भात कामाचं एकदम बोलत नाहीत. पाऊस यंदा जास्तच, यावर आम्ही पाच मिनिटं घालवली. सोयाबीन पिवळी पडतेय, कापसाला काय भाव निघेल, पॅसेंजर आज किती लेट, ड्राय पोर्ट सुरू झाला तर पोरांना कामं लागतील का, सगळं झालं. चहा आला. चहा संपला. तोही थांबलेला, मीही थांबलेला. शेवटी मी खिशातून पुठ्ठा काढला आणि अगदी सहज, विसरून गेल्यासारखं विचारलं, “हे एवढं वाचता नाही आलं रे. अक्षर तर तुझं चांगलं आहे.”

त्याचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“कोनतं सर? हे? नंदी ना जी!”

“नंदी?”

“तुमचा नातू घेऊन आलता ना परवा. लाकडाचा नंदी. चाकं सडली होती त्याची, मागचं तं हातातच आलं. म्हने, काका, बेरिंगवाले चाक लावून द्या, आबाजीच्या बिलात लिहा. म्या म्हनलं, सरायचा नातू आहे, नाई कसं म्हनू?” त्यानं बोटं मोजली. “चार बेरिंगचे सत्तर-सत्तर, दोनशे ऐंशी. ॲक्सल वेल्डिंग दोनशे. झाले ना चारशे ऐंशी?”

झाले. मी मनातल्या मनात गुणाकारही तपासून घेतला.

“मग नंदी असं पूर्ण नाही का लिहायचं?”

“पुठ्ठ्यावर जागा नव्हती. पन कंसात चार लिवलं होतं ना सर. तुमच्या स्कूटरले चाकं दोन.” आणि मग तो शेवटच्या बाकावरचा मुलगा हसला. “तुमीच तं शिकवलं होतं, कंचेभागुबेव. आधी कंस सोडवायचा.”

तेलाच्या डब्यावर बसून माणूस फार काही करू शकत नाही. मी १५९० मोजून दिले. वेल्डिंगचे दोनशे जरा जास्त वाटतात, एवढं मात्र पुटपुटलो. तो म्हणाला, “बाकीच्यायकून अडीचशे घेतले.” तेव्हा कळलं की कोपऱ्यात ताडपत्रीखाली जे उंच-सखल दिसत होतं ते टायर नव्हते. सात-आठ नंदी उभे होते, एकाची शिंगं तर माझ्या खांद्याला लागतील एवढी उंच. पोळ्याच्या आठवड्यात आमच्या गावातली गॅरेजं नंदीच्या चाकांवर चालतात, हे मी चाळीस वर्षं इथं राहून कधी पाहिलंच नव्हतं.

२३ ऑगस्ट २०२५ ला तान्हा पोळा झाला. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी हा लेकरांचा. नागपूरच्या भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजी राजांनी, तो सुरू केला असं सांगतात. सिंदीचा तान्हा पोळा पाहायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. आमचा नंदी चार बेरिंगांवर असा पळत होता की उतारावर नातू मागे आणि नंदी पुढे, आणि त्याच्या पुढे मी, अडवायला. संध्याकाळी घरोघरी बोजारा मागून तो ६४० रुपये घेऊन आला. त्यात मिस्त्रीचे २० होते आणि माझ्याकडूनही त्यानं ५० वसूल केले. मी बिलातल्या ४८० चा हिशेब काढला तेव्हा म्हणाला, “आबाजी, बोजारा असा वापस मागत नसतात.” आता पुढच्या वर्षी नंदीला ब्रेक लावायचे आहेत म्हणे. ते बिल वेगळं करायचं, हे मी गॅरेजमध्ये आताच सांगून ठेवलंय.

पुठ्ठा मी जपून ठेवला आहे. त्यावर लाल शाईनं १० पैकी ९ दिलेत. एक मार्क ‘दी’ न लिहिल्याबद्दल कापला.