चाललं तर चालतं का?

सीमाप्रश्न बाजूला ठेवला, तर बेळगावजवळच्या काकतीत सध्या मोठा प्रश्न एकच: ‘दहा किलोमीटरच्या मॅरेथॉनला नाव देऊ का?’

नाव द्या. पण दहा किलोमीटरची मॅरेथॉन नसते. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. काकतीतून निपाणीच्या दिशेनं सुटलात, तर संकेश्वरच्या आसपास पोचाल. दहा म्हणजे बेळगावात जाऊन चहा.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये खरी मॅरेथॉन धावले. ती तर ४२.७५ किलोमीटरची होती. वेळ २ तास ५० मिनिटं, नंबर १९वा. आपण पाच किलोमीटर पळतो आणि पदक गळ्यात घालून आठवडाभर डीपी ठेवतो.

‘बूट कोणते घेऊ?’ पायाला बसतील ते. मात्र शर्यतीच्या दिवशी नवे कोरे घालू नका. किंमत फोडांत वसूल होते.

‘आदल्या रात्री काय खाऊ?’ रोजचंच. पाच-दहा किलोमीटरला पुरेल एवढा साठा अंगात आधीच असतो. काहींच्या तर तो शर्टातूनही दिसतो. तरी एक गृहस्थ ‘एनर्जी’ म्हणून पाव किलो कुंदा चापून आले होते. एनर्जी आली. तिसऱ्या किलोमीटरला, तोंडावाटे.

‘मध्येच चाललं तर चालतं का?’

चालतं. पळण्याच्या शर्यतीत चालायला बंदी नाही. बंदी उलटी आहे: चालण्याच्या शर्यतीत पळालात की बाद.

‘माझ्या घड्याळात १०.२ आले, आयोजकांनी फसवलं का?’ रीतसर मोजलेला रस्ता सायकलच्या चाकानं, जवळात जवळच्या रेषेनं मोजतात. वर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, अंतर कमी भरू नये म्हणून. म्हणजे आयोजकांचे दहा मीटर. बाकीचे घड्याळाला विचारा, नाहीतर सेल्फीसाठी रस्ता ओलांडून गेलात त्या मैत्रिणीला.

खरी गंमत सुरुवातीला. झांजपथक वाजलं की सगळे सुसाट. दोन किलोमीटरवर हीच मंडळी बरगडीखाली हात दाबून पुलाच्या कठड्याला टेकलेली. मागून सत्तरीच्या एक आजी नऊवारी खोचून, कॅनव्हासच्या बुटांत, टुकूटुकू पुढं जातात. जाताना विचारतात, ‘काय रे बाळा, पाणी देऊ?’

काकती हे राणी चन्नम्मांचं माहेर, म्हणून सुसाट सुटावंसं वाटतं, कबूल. पण घोडा त्यांच्याकडे होता.

‘किती जोरात पळू’ हे सगळे विचारतात. ‘किती हळू’ हे कोण विचारणार?

सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकं हळू. वाक्य तुटलं की वेग कमी करा. आठवड्यातला बहुतेक सराव असाच, गप्पा मारत. आपल्याकडे गप्पांना विषयांची टंचाई आहे का?

शर्यतीला दोन महिने असतील, तर उद्या पहाटे सर्व्हिस रोडवर या. दोन दिवस असतील, तर टी-शर्ट घ्या आणि टाळ्या वाजवायला उभे राहा.