औलीकर

औलीकर हे आडनाव नाही, जात आहे. पुण्या-नाशकाच्याच काय, खुद्द नगरच्या ट्रेकिंग ग्रुपमध्येही एक तरी सापडतोच. कधीकाळी त्यानं जोशीमठच्या वर औलीला जाऊन स्कीइंगचा कोर्स केलेला असतो. कोर्स संपला, प्रमाणपत्र मिळालं, पण गडी अजून खाली उतरलेला नाही.

जुलैतल्या रविवारी तो अकोले तालुक्यातल्या बारी गावात बसमधून उतरतो. (नगर जिल्हा म्हणजे दुष्काळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलैत एकदा इकडे यावं, छत्री न आणता.) बाकीचे चहाकडे धावतात. हा कळसूबाईकडे तोंड करून म्हणतो, "व्हाइटआउट आहे." आपण ज्याला धुकं म्हणतो, ते. कपाळावर गॉगल, दोन्ही हातांत काठ्या आणि गुडघ्यापर्यंत गेटर्स. गेटर्स बुटात बर्फ जाऊ नये म्हणून असतात. इथे वरून पाऊस आत जातो आणि बाहेर काही येत नाही. प्रत्येक पावलाला पचक, पचक.

लोखंडी शिडीपाशी गर्दी तुंबली की त्याचं व्याख्यान सुरू होतं. "रोपवेनं वर जायचं आणि घसरत खाली यायचं, हे कसलं स्कीइंग? टूरिंग करा! आपल्या पायांनी डोंगर चढा. स्कीच्या तळाला स्किन चिकटवायची. पूर्वी सीलचं कातडं असायचं, आता नायलॉन नाहीतर मोहेर. लव एकाच दिशेला असते, म्हणून पट्टी पुढे सरकते, मागे नाही. चढताना टाच मोकळी. माथ्यावर पोचलं की स्किन सोलायची, टाच लॉक करायची आणि..." इथे तो वळण दाखवायला काठी फिरवतो. मागून आवाज येतो, "ओ भाऊ, तुम्ही पुढंबी सरकंना अन् मागंबी. पोरगं हाय कडंवर!"

माणूस वाईट नाही. कुणाचा पाय मुरगळला तर सगळ्यात आधी क्रेप बँडेज याच्याच सॅकमधून निघतं, आणि इलेक्ट्रालची पुडी तो न मागता देतो. फक्त ती देताना समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. "आमचा बेसच याच्या वर होता," हे वाक्य पुडीबरोबर फुकट.

माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. सगळे दर्शन घेऊन वाऱ्याकडे पाठ करून बसलेले असतात. तेवढ्यात ढग फाटतो. खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे. जेमतेम अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात औलीकर दरीकडे पाठ करून, ओल्या बोटानं मोबाइल पुसत, चौघांना नंदादेवीचा फोटो दाखवत असतो.

उतरताना मात्र त्याला मानावं लागतं. स्कीइंगमध्ये आधी पडायला शिकवतात. बारीच्या वरच्या निसरड्या मातीत बाकीचे भेदरून, हातपाय पसरून कोसळतात. हा रीतसर पडतो. गुडघे वाकवून, कुशीवर, काठ्या अंगापासून लांब धरून. पडल्यावर आडव्यानं उठायचं कसं, तेही दाखवतो. हे दाखवताना पुन्हा पडतो. त्याच वेळी गावातला एक पोरगा प्लॅस्टिकच्या चपला हातात घेऊन टाचांवर सर्रकन खाली जातो. औलीकर त्याच्याकडे पारखी नजरेनं बघतो. "वजन थोडं मागे पडतंय त्याचं."

परवा ग्रुपमधली चार पोरं त्याच्याबरोबर खरोखरच औलीला जाऊन आली. मी हौसेनं विचारलं, कसं शिकवलं? त्यांनी सांगितलं की तिथल्या इन्स्ट्रक्टरला बिचाऱ्याला तोंडच उघडता आलं नाही. औलीकर पाची दिवस त्याला ऐकवत होता, "बर्फात काय, कुणीही घसरेल. तुम्ही एकदा पावसाळ्यात आमच्या कळसूबाईला या."