अठ्ठ्याण्णव अंशांचं गाव

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, हे वाक्य डोक्यात नेमकं कधी शिरलं ते कुणालाच सांगता येणार नाही. पावकी-निमकी विसरली, वर्गातल्या निम्म्या पोरांची नावं विसरली, करकटकानं ज्याच्यावर नाव कोरलं तो बाकही एव्हाना कुठल्या तरी चुलीत गेला असेल. हे वाक्य मात्र जागचं हललेलं नाही. त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन जुने भाडेकरू राहतात. जे जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं ते द्रव्य. स्थायूला आकार असतो, द्रवाला नसतो, आणि वायूला तर कसलाच धरबंध नसतो. ही वाक्यं घोकताना मला वायूबद्दल मनातल्या मनात एक आदर वाटायचा. स्वतःचा आकार नाही, आकारमान नाही, आणि मिळेल ती खोली कोपऱ्यांसकट भरून टाकायची! असे पाहुणे आमच्याकडे मे महिन्यात येत, पण त्यांच्याविषयी इतक्या गांभीर्यानं कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

तर ते शंभर. ते खरंच आहे, पण समुद्रकाठी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. तेवढ्या उंचीची हवा आपल्या पायाखाली राहिली, म्हणजे डोक्यावरचा तिचा भार तेवढा हलका झाला. समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात, आपल्याकडे तो ९५० च्या जवळपास भरतो. वरून दाबणारं ओझं कमी, म्हणून पाण्याला वाफ होऊन निसटायला कमी तापमान पुरतं. ढोबळ हिशेबानं दर तीनशे मीटरला एक अंश गळतो. म्हणजे गंगावेशीत काय, राजारामपुरीत काय, जिथं जिथं चहाचं आधण चढतं तिथं ते पुस्तकाला न विचारता अठ्ठ्याण्णवच्या पुढे जेमतेम सरकतं आणि उकळून मोकळं होतं. दोन अंश आधीच उसळायचं हे कोल्हापूरच्या स्वभावाला धरूनच आहे, असं कुणी म्हणेल. पण पुण्याची उंचीही साधारण तेवढीच आहे. तिथलं पाणीही अठ्ठ्याण्णवलाच उकळतं, फक्त तिथं त्याची पाटी अजून लागलेली नाही.

आता शाळेच्या प्रयोगशाळेत चला. कुठलीही शाळा घ्या. तिवई, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर चंचुपात्र, खाली निळसर ज्योत आणि वर चिमट्यात अडकवलेली तापमापी. चाळीस डोकी एका काचेच्या भांड्याभोवती गोळा झालेली. पन्नास-साठ अंशांनाच तळाशी मोत्यांसारखे बारीक बुडबुडे धरतात आणि मागच्या रांगेतला कुणीतरी 'उकळलं!' म्हणून ओरडतो. ते उकळणं नसतं. पाण्यात विरघळलेली हवा फक्त सामान आवरून निघालेली असते. मग भांडं सों-सों करायला लागतं. तळाशी जन्मलेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात पोचता पोचता मिटतात, त्यांचा तो आवाज. आणि मग एकाएकी आवाज खाली बसतो, मोठाले बुडबुडे थेट वर येऊन फुटतात, पाणी खळाळायला लागतं. पारा अठ्ठ्याण्णवच्या रेघेपाशी येऊन थबकतो आणि पुढं हलायचं नाव घेत नाही. ज्योत मोठी करा, पाणी जास्त उड्या मारेल, निम्मं आटून जाईल. पारा आहे तिथंच. सगळा वर्ग त्या दोन अंशांसाठी ताटकळतो, पाहुणे मंडपात आलेत आणि मामा अजून नवरीला घेऊन येत नाहीत तसा.

शेवटी घंटा होते आणि जर्नलं उघडतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं जातं : पाणी १०० अंश सेल्सिअस तापमानास उकळते. दोन अंश पाऱ्याला पदरचे घातलेले. कुणी विचारलंच, तर 'तापमापी जुनी आहे' हे उत्तर तयार असतं, आणि तेही अगदीच खोटं नाही. शाळेतली तापमापी अर्धा-एक अंश इकडे-तिकडे दाखवते. तरी मला त्या रकान्याचं वाईट वाटतं. उद्देश पुस्तकाचा, साहित्य शाळेचं, कृती फळ्यावरची, अनुमान मागच्या वर्षीच्या जर्नलातलं. पाचातला एकच रकाना असा, की जो त्या पोराचा स्वतःचा आहे, त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहून भरायचा आहे. तोच नेमका उतरवून काढलेला. समोर भांड्यात पाणी कोल्हापूरचं, वहीत मात्र समुद्रकाठचं.

गंमत म्हणजे ज्याच्या नावानं हे अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सिअसला हे पक्कं ठाऊक होतं. या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञानं १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हाच सांगून ठेवलं की पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे सरकतो. शिवाय त्याची मोजपट्टी उलटी होती : उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर. १७४४ मध्ये तो गेला आणि त्यानंतर ती सुलटी झाली. तसं झालं नसतं तर काय झालं असतं, याचा मी पावसाळी दुपारी विचार करत बसतो. पोराला एकोणचाळीस ताप भरला की आईनं कपाळावरची घडी बदलत म्हणायचं, 'अगं बाई, एकसष्टवर उतरलाय की, डॉक्टरांना बोलवा!' आणि ताप निघाला की घरभर आनंद : चढला, त्रेसष्टवर चढला एकदाचा!

आकड्याला पत्ता असतो, हे एकदा लक्षात आलं की नकाशा निराळाच दिसायला लागतो. पन्हाळा कोल्हापूरहून आणखी चारशे मीटर वर; तिथं तबक उद्यानाच्या बाजूला धुक्यात उभं राहून आपण जो चहा फुंकून पितो, त्याचं पाणी सत्त्याण्णवच्या अलीकडेच उकळलेलं असतं. महाबळेश्वरी तो आकडा पंचाण्णवच्या जरा पुढं. उलट गगनबावड्याहून एसटीनं करूळ घाट उतरायला लागलं, की वळणागणिक कान दडपतात आणि उत्कलनबिंदू गुपचूप चढत जातो. मालवणात पोचेपर्यंत पाणी शहाण्यासारखं बरोब्बर शंभराला उकळायला लागतं. पुस्तक लिहिणारे गृहस्थ मालवणचे असणार, असा माझा बरेच दिवस समज होता. आणि कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात कुकरचं झाकण लागलं, की आतलं पाणी एकशे वीसच्या घरात जातं. हवेच्या दाबाच्या भाषेत बोलायचं तर आपली डाळ-तांदळाची भांडी तेवढ्यापुरती समुद्रसपाटीच्याही कित्येक किलोमीटर खाली जाऊन बसतात आणि तिसऱ्या शिट्टीला साडेपाचशे मीटरवर परत येतात. एवढा प्रवास करून आलेल्या वरणाला आपण 'आज जरा मीठ कमी पडलंय' म्हणतो.

चार्ल्स डार्विन १८३५ साली अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हाची एक हकीकत त्यानं लिहून ठेवली आहे. रात्री उंचावर मुक्काम पडला, बटाटे उकळायला ठेवले, ते रात्रभर उकळले आणि सकाळी पाहतात तो कच्चेच. पाणी इतक्या कमी तापमानाला उकळत होतं की बटाट्याला त्याची दखलच घ्यावीशी वाटली नाही. डार्विनला कारण माहीत होतं. त्याच्या सोबत्यांनी मात्र आपापसात बोलून वेगळाच निर्वाळा दिला : पातेलं नवीन आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत. मला त्या सोबत्यांबद्दल जिव्हाळा वाटतो. कारण चुकलं असेल, पण बटाटे शिजले म्हणून त्यांनी कुठं लिहिलं नाही.

कोल्हापुरात एक पेठ अशीही आहे की जिथं आकडे पहिल्यापासून जागा बघून वागतात. उद्यमनगरात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या कारागिराच्या हातात एक पट्टी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा असतो. जवळजवळ एक सूत मोठा. वितळलेलं बीड साच्यात थिजतं आणि थंड होत जातं, तसं ते शंभरात एक भाग आक्रसतं; म्हणून पॅटर्न तेवढा वाढवूनच करायचा, आणि दर वेळी गुणाकार करण्यापेक्षा पट्टीच लांब करून ठेवायची. शाळेत ही पट्टी नेली तर छडी मिळेल. इथं खरी फूटपट्टी वापरली तर इंजिनाचा भाग भंगारात जाईल. स्थायूचं आकारमान निश्चित असतं हे वाक्य इथं कुणी खोडत नाही. फक्त कधी निश्चित, गरम असताना की गार झाल्यावर, एवढं विचारून घेतात.

पण द्रव्याच्या अवस्था बघायच्या तर गुऱ्हाळावरच. थंडीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्ग नेला होता. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या नुसता डोळ्यांपुरता दिसत होता, बाकी सगळा राखेनं माखलेला. काहिलीत उसाचा रस पसरलेला, मळक्या हिरव्या रंगाचा. पाहिल्यावर याचा कधी गूळ होईल यावर विश्वास बसू नये असा. कुणीतरी ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी त्यात ओतलं, आणि बघता बघता रसातली घाण त्या चिकट जाळ्यात गुरफटून वर आली. तिची जाड काळपट साय धरली, ती झाऱ्यानं बाजूला काढली. मळी निघाल्यावर खालून निराळाच रस वर आला, पिवळसर, नितळ. मग तो आटत गेला तसे बुडबुडे बदलत गेले. आधी उतावळे, लहान, फुटून लगेच विसरणारे. नंतर सावकाश फुगणारे, जड, सोनेरी, फुटताना सुस्कारा टाकणारे. वास तर असा की कपड्यांत तो दोन दिवस राहिला आणि आईनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा मला हळहळ वाटली.

सरांनी खिशातून तापमापी काढली. गुळव्यानं त्यांना हातभर लांबच थोपवलं. 'काच फुटली तर आक्खी काहील वाया जायची, मास्तर.' तसंही त्या तापमापीचे आकडे एकशे दहालाच संपत होते, आणि साखर दाटत गेलेला पाक शेवटी एकशे अठराच्या आसपास जातो.

'मग आत्ता किती गरम असेल?' सरांनी वही उघडून विचारलं.

'बरंच गरम हाय.'

'म्हणजे किती?'

गुळव्यानं फावड्याच्या टोकावरचा पाक पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि भांड्याच्या काठावर आपटली. टप्. त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या खेपेला आवाज कोरडा, टणक. 'चला, उतरा!' तो ओरडला, आणि चौघं काहिलीला भिडले. पाक वाफ्यात ओतला गेला, घोटला गेला, आणि आमच्या देखत द्रवाचा स्थायू व्हायला लागला. कुठल्या क्षणी झाला ते चाळीसजणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. सरांनी वहीत 'गोळी : आवाज टणक' असं लिहिलं. क्षणभर थांबून त्याच्याखाली रेघ मारली. सरांचं तेवढं निरीक्षण मला त्या वर्षातलं सर्वांत अस्सल वाटतं.

कोल्हापूरचा गूळ शाहूपुरीच्या नावानं वाढला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ती बाजारपेठ वसवली. अजूनही दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, रवे गुजरातेत जातात, आणि २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या मानकऱ्याचा एक स्वभाव कुठल्याच कागदावर येत नाही. त्यात साखरेचे बारीक स्फटिक असतात, म्हणून तो रवाळ लागतो; त्यांच्या जोडीला ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, आणि त्यांना हवेतल्या ओलाव्याचा भारी सोस. उन्हाळ्यात कोयत्यानं फोडावी लागणारी ढेप कोल्हापूरचा आषाढ लागला की घामेजते, मऊ पडते आणि एका पहाटे फडताळातून बारीक तपकिरी ओघळ घेऊन निघते. मुंग्यांना ही अवस्था आपल्या आधी कळते.

गुऱ्हाळावरून आल्यावर सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि पदार्थांची नावं विचारत गेले. दगड, लोखंड, खडू एकीकडे. पाणी, दूध, रॉकेल दुसरीकडे. गूळ म्हटल्यावर त्यांनी तो अर्थातच स्थायूत लिहिला. घरचं गुऱ्हाळ असलेला एक पोरगा खिडकीजवळ बसायचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, पावसाळ्यात?'

सरांनी डस्टर उचललं, परत ठेवलं. खिडकीबाहेर पाहिलं. मग गूळ परीक्षेला येणार नाही, असं सांगून त्यांनी तास संपवला. आणि तो खरोखरच आला नाही.