गहू तळटीप देत नाही

एखाद्या विषयातल्या संशोधनाचं वजन ठरवणं हल्ली फार सोपं झालंय. वाचायची गरज नाही, मोजलं की झालं. कुणाच्या निबंधाचा हवाला किती जणांनी दिला ते आकडे काढायचे, विषयांची उतरंड लावायची आणि तळातल्या विषयाच्या जागा गोठवायच्या.

ही फूटपट्टी नाशकात लावून बघू. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे वाण दिले. शेतकऱ्यांनी पेरले, पोळ्या झाल्या, पोटात गेल्या. पण पोळी खाऊन तळटीप कोण देतं? हवाले मोजणाऱ्या 'स्कोपस' या माहितीसाठ्याच्या लेखी ती पेरणी शून्य. त्याच गव्हावरच्या एका निबंधाचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापा, मित्रमंडळींनी एकमेकांचे हवाले द्या, की पडला प्रभाव!

पुरातत्त्वातही तेच. सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं, अहवाल १९५५ साली आला. जोर्वेवरून एका प्राचीन संस्कृतीला मिळालेलं 'जोर्वे संस्कृती' हे नाव आता इतकं रुळलंय, की ते घेताना दर वेळी मूळ अहवालाचा हवाला द्यावा असं कुणाला वाटत नाही. म्हणजे काम पक्कं रुजलं की गुण घटणार!

त्याच १९५५ साली यूजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स' या नियतकालिकात कुणी कुणाचा हवाला दिला याच्या सूचीची ('सायटेशन इंडेक्स') कल्पना मांडली, ती संबंधित निबंध हुडकायला सोपं जावं म्हणून. पुढे तिच्यातूनच 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला. एखाद्या नियतकालिकातल्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती हवाले मिळाले, एवढंच तो बघतो. दोन वर्षांत वैद्यकातला निबंध जुना होतो, इतिहासातल्या ग्रंथाचं परीक्षणही छापून आलेलं नसतं. मराठीत लिहिलेलं तर या यंत्रांना बहुतेक दिसतच नाही. तरी 'एनआयआरएफ' या सरकारी क्रमवारीत विद्यापीठांचे ३० टक्के गुण संशोधनावर, आणि त्यातला मोठा हिस्सा निबंध नि हवाल्यांच्या मोजणीवर.

म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ, दोन्ही नाशकातली. म्हणून दोघांना एकच फूटपट्टी?

आकडे जरूर बघा. पण वैद्यकाची तुलना वैद्यकाशी करा, इतिहासाची इतिहासाशी. आणि निकाल देण्याआधी त्या विषयातले निदान दोन निबंध वाचा. तेवढा वेळ नसेल, तर मूल्यमापन समितीवर बसू नका.