कार्पेट स्पीड किती?

घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आलं की माणूस पहिल्याच संध्याकाळी चार जीबीचा सिनेमा उतरवायला घेतो. मनातल्या मनात हिशेबही करतो: चार हजार भागिले शंभर, म्हणजे चाळीस सेकंद! प्रत्यक्षात पाच मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढ्यात चहा होतो, पिऊन होतो आणि केबलवाल्याला फोनही लावून होतो. पलीकडून ठरलेला मंत्र येतो, "राऊटर बंद करून चालू करा."

राऊटर बिचारा निर्दोष असतो. कंपनी वेग मोजते बिटमध्ये, आपली फाईल मोजली जाते बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएस उत्तम चालला, तरी पदरात सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. इंग्रजीत बिटचा बी धाकटा आणि बाइटचा बी थोरला लिहितात, एवढीच काय ती ओळखीची खूण. पोस्टरवर बहुतेक सगळंच थोरल्या अक्षरांत असतं, त्यामुळे तीही पुसली जाते. स्पीड टेस्टही बिटांतच बोलते, म्हणून तिथे ९६ बघून आपण खूश आणि डाऊनलोडच्या खिडकीत १२ बघून हैराण!

मुळात यात लबाडी नव्हती. तारेतून बिट एकामागोमाग एक धावतात, म्हणून दूरसंचारवाले पहिल्यापासून बिट मोजत आले. संगणकवाल्यांनी साठवण मोजली ती बाइटमध्ये. दोन पेठा, दोन मापं. पण जाहिरातवाल्यांनी हा वारसा जिवापाड जपलाय. साडेबारापेक्षा शंभर केव्हाही देखणे.

बिल्डरही एके काळी हेच करायचे. विकायचे सुपर बिल्टअप, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं धरलेलं. राहायला मिळायचा तो कार्पेट. २०१६ च्या रेरा कायद्याने त्यांना कार्पेट क्षेत्रावर आणलं. इंटरनेटला अजून रेरा भेटायचाय. इथे शंभर हा सुपर बिल्टअप वेग, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत 'पर्यंत'. या 'पर्यंत'मध्ये शून्यसुद्धा ऐसपैस बसतं.

खरी गंमत पुढेच आहे. वेग बिटमध्ये विकणारी हीच मंडळी डेटा मात्र बाइटमध्ये मोजून देतात. मोबाईलवर 'रोज २ जीबी' मिळतो ना? १०० एमबीपीएस खरोखर मिळाला, तर तो दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपेल. घरच्या 'अमर्याद' ब्रॉडबँडला अनेकदा तळटिपेत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. कबूल केलेल्या वेगाने अखंड वापरलं, तर तिचा निकाल तीन दिवसांत लागतो. नेट रखडतं म्हणून महिना निघतो, असं म्हणायचं आणि कंपनीचे आभार मानायचे!

मोबाईलचा रोजचा डेटा संपला की अनेक पॅकमध्ये वेग येतो ६४ केबीपीएसवर. आठाने भागा: सेकंदाला ८ किलोबाइट. लग्नातला चार एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटं वीस सेकंद; अल्बम पाठवायचा तर बारसं उजाडेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किरकिरणारा मोडेम ५६ केबीपीएसचा होता. पाव शतकात झालेली प्रगती: आठ केबीपीएस. किलोबाइटमध्ये सांगायचं तर एक.

सरकारी व्याख्याही बिटांतच. 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला पूर्वी ५१२ केबीपीएस पुरत. २०२३ मध्ये किमान २ एमबीपीएसची अट आली. ऐकायला भारदस्त, हातात सेकंदाला अडीचशे किलोबाइट.

मागणी अवघड नाही. जाहिरातीत आणि बिलावर वेग 'सेकंदाला इतके मेगाबाइट' असाही छापावा, आणि 'पर्यंत'च्या जागी 'किमान' लिहावं. हा नियम येईल तेव्हा येईल. तोवर पॅक विकायला कुणी दारात आलं, तर त्याच्यासमोरच आकडा आठाने भागा, किमान किती मिळेल ते लेखी मागा, आणि मगच पैसे काढा.