सात आठे छप्पन्न

आमच्या कन्येला यूट्यूबवर प्लास्टिकची अंडी फोडणारे हात फार आवडतात. नुसते हात, त्यांचा मालक कधी दिसत नाही. चकचकीत कागद कुरकुरत सोलायचा, आतून टिनपाट गाडी काढायची, की पुढचं अंडं. दुसरीतली पोर हे तासभर बघते म्हटल्यावर माझ्यातला बाप खडबडून जागा झाला.

आधी मी अभ्यास केला. (काम टाळायचं असलं की मी अभ्यास करतो.) २०१७ मध्ये एल्सा, स्पायडरमॅन अशी पोरांच्या ओळखीची पात्रं घेऊन भलतेसलते व्हिडिओ खपवल्याचं 'एल्सागेट' प्रकरण गाजलं. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूबने अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरले. हे सगळं मी जेवताना बायकोला ऐकवलं.

"बरं, मग तू काय करणारेस?" तिने विचारलं.

मी यूट्यूब किड्स घेतलं. साइन इन करायचा कंटाळा केला, पण सर्च मात्र बंद करून टाकला. तो पुन्हा सुरू करायचा तर ॲप एक गुणाकार घालतं. उत्तर आलं म्हणजे समोर मोठं माणूस आहे, असा त्यांचा हिशेब. कॅलिफोर्नियात चालत असेल. आमच्या घरी आई आहे. दिवेलागणीला नातीकडून पाढे म्हणून घेतल्याशिवाय ती कुकर लावत नाही. ॲपने सात आठे विचारले, कन्येने चालीत छप्पन्न म्हटलं आणि अंडी परत आली. आईने तिची पाठ थोपटली. वर मला म्हणाली, "तुला चौथीपर्यंत येत नव्हतं."

मुलांसोबत बसून बघा, असं डॉक्टर सांगतात. बसलो. अंडी कशी फालतू आहेत हे समजावता समजावता सोनेरी अंड्याची पाळी आली. त्यात काय निघतंय ते बघू आणि मग बंद करू, असं ठरवलं. कन्या कधीच उठून खाली खेळायला गेली होती. बायको ऑफिसातून आली तेव्हा मी एकटाच बसलो होतो. सोनेरी अंड्यातून शिट्टी निघाली, तीही न वाजणारी.

तेव्हा पालकहो, गुणाकाराच्या भरवशावर राहू नका. त्याजागी स्वतःचा पासकोड ठेवता येतो. साइन इन केलंत तर आपण मंजूर केलेलंच मुलांना दिसेल अशीही सोय आहे. आमच्याकडे दोन्ही झालंय. पासकोड बायकोने ठेवलाय आणि तो मला सांगितलेला नाही.