बिल्ला आणि कोयता

अमेरिकेत घर विकून कॅम्परमध्ये संसार थाटणारी काही कुटुंबं मुलांना स्वतःच शिकवतात. कायदाही बिचारा फारसा आडवा येत नाही. पेनसिल्व्हेनियात वर्षाला १८० दिवसांचा हिशेब आणि तपासणी लागते. टेक्सासात मात्र घरची शाळा खासगी शाळाच मानतात, सरकारला कळवायचीही गरज नाही. कायमचा पत्ता टेक्सासचा घेतला की भूगोलाचा पहिला धडा पालकांचाच पक्का होतो. मग डिझेल भरणं म्हणजे गणित, आणि राष्ट्रीय उद्यानात पुस्तिका भरली की शर्टावर ज्युनिअर रेंजरचा बिल्ला.

मुलं यातून शिकतात, हे मान्यच. पण नुसत्या हिंडण्याने शहाणपण येत असतं, तर बीडच्या ऊसतोड कामगारांची पोरं एव्हाना पंडित व्हायला हवीत. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, उन्हाळ्यापर्यंत या फडातून त्या फडात, कोपीत राहायचं, मोळ्या मोजायच्या, धाकटं सांभाळायचं. त्यांना बिल्ला नाही. सर्वेक्षणात नोंद होते ‘शाळाबाह्य’. तुम्ही म्हणाल, तिकडे आईबाप निदान शिकवायला बसतात. अगदी बरोबर! तिथे पगार लॅपटॉपवर मिळतो, दुपार हाताशी उरते. इथे उचल फेडायला कोयता अंधारातच निघतो. त्यावर सरकारी उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह: पोरांनी गावात राहावं, आईबापांनी कारखान्याकडे जावं. सहकुटुंब हिंडत शिकण्याचं माहात्म्य जिल्हा परिषदेपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.